आमच्या घराण्यात कुणालाच नाही, मग हे जेनेटिक कसं?

प्रश्न : नमस्कार मॅडम, माझं वय ३१, मिस्टर ३५, लग्नाला सहा वर्षं झाली. त्यातली चार वर्षं नुसत्या माझ्याच तपासण्या, सोनोग्राफ्या, ट्यूब टेस्ट, एकदा दुर्बिणीतून ऑपरेशन पण झालं, सगळं नॉर्मल. आता नवीन डॉक्टरांनी मिस्टरांची टेस्ट सांगितली तर स्पर्म काउंट निल, परत केली तरी निल. मग रक्ताची कॅरिओटाइप टेस्ट, म्हणजे क्रोमोसोम (गुणसूत्रं) मोजायची टेस्ट केली, त्यात ४७ एक्सएक्सवाय असं आलंय. सासरे म्हणतात लॅबवाल्यांनी घोळ घातलाय, आम्ही पाच भाऊ, सगळ्यांना दोन-दोन तीन-तीन मुलं, घराण्यात कुणालाच नाही मग हे जेनेटिक कसं. मिस्टरांनी मोबाइलवर वाचलं की एक्स म्हणजे बायकांचा, तेव्हापासून धड बोलत पण नाहीत. आमचं स्वतःचं मूल होऊ शकतं का?
— एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : आधी मिस्टरांचं बघू, मुलाचं त्यानंतर. त्यांना सांगा की एक्स क्रोमोसोम प्रत्येक पुरुषात असतोच, आईकडून आलेला, मुलगा घडतो तो वायमुळे आणि तो त्यांच्याकडे व्यवस्थित आहे. फक्त एक एक्स जास्तीचा आलाय, ४६ क्रोमोसोमच्या जागी ४७. याला क्लाइनफेल्टर सिंड्रोम म्हणतात, १९४२ मध्ये बॉस्टनच्या क्लाइनफेल्टर नावाच्या डॉक्टरांनी असे नऊ पेशंट नोंदवले होते, पण कारण हा जास्तीचा एक्स आहे हे कळायला १९५९ उजाडलं. साधारण सहाशे मुलग्यांमागे एकाला हे असतं, म्हणजे विचित्र किंवा दुर्मिळ असं काही नाही, बहुतेकांना तर आयुष्यभर पत्ताच लागत नाही, लागला तर तो असाच लग्नानंतर.

आता सासऱ्यांचा प्रश्न, आणि खरं सांगू का, प्रश्न चांगलाय. जेनेटिक म्हटलं की आपल्या डोक्यात लगेच घराणं, कूळ, सोयरीक सुरू होतं. पण जेनेटिक म्हणजे फक्त क्रोमोसोममध्ये किंवा जीन्समध्ये झालेला बदल, तो वरून चालत आलेला असेल किंवा अगदी नवा पण असेल. स्त्रीबीज किंवा स्पर्म तयार होताना क्रोमोसोमच्या जोड्या सुट्या व्हायच्या असतात, एखादी जोडी सुटलीच नाही की एक जास्तीचा राहतो, इतकंच. हे निम्म्या वेळा आईकडून होतं निम्म्या वेळा वडिलांकडून, त्यामुळे सासूबाईंच्या माथी मारायचं कुणी ठरवत असेल तर तेही बंद करा. आणि जरा विचार करा, ज्याचा काउंटच निल तो हे पुढे कुणाला देणार? त्यामुळे पाच भावांना मुलं आहेत यावरून रिपोर्ट खोटा ठरत नाही. दिरांनी घाबरून टेस्ट करत बसायची पण गरज नाही.

मूल होऊ शकतं का, तर शक्यता आहे, खात्री नाही. मायक्रो टेसे नावाची प्रोसिजर असते, मायक्रोस्कोपखाली टेस्टिसमध्ये (वृषणात) कुठे थोडेफार स्पर्म बनतायत का ते शोधतात, क्लाइनफेल्टरमध्ये चाळीस-पन्नास टक्के जणांत सापडतात. सापडले तर इक्सी करता येतं, एक स्पर्म थेट स्त्रीबीजात सोडायचा, हे तंत्र १९९२ पासूनचं आहे. अशा मुलांमध्ये बहुतेकांचे क्रोमोसोम नॉर्मल निघालेत, तरी जेनेटिक कौन्सेलरशी एकदा बोला. नाहीच सापडले तर डोनर स्पर्म किंवा दत्तक, पण ते दोघांनी ठरवायचं, चुलत्यांच्या बैठकीत नाही. एक महत्त्वाचं, ताकद यावी म्हणून कुणी टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं सुचवली तर प्रोसिजर होईपर्यंत घेऊ देऊ नका, बाहेरून हॉर्मोन गेलं की उरलेसुरले स्पर्म बनणं पण थांबतं. नंतर मात्र त्यांना त्याची गरज पडू शकते, हाडांची आणि शुगरची तपासणी पण अधूनमधून करत राहा.

तुमच्या चार वर्षांचं मला जास्त वाईट वाटतं. बाईला दुर्बीण आणि बाप्याची साधी एक टेस्ट नाही, हे मी इतक्यांदा बघितलंय की आता चिडायचा पण कंटाळा आलाय.

प्रश्न : माझा स्पर्म काउंट २० लाखाच्या आसपास असतो. कॅरिओटाइप नॉर्मल आहे तरी डॉक्टरांनी वाय मायक्रोडिलीशन टेस्ट करायला लावली, त्यात एझेडएफसी गेलंय असं आलं. कॅरिओटाइप नॉर्मल असताना हे कुठून आलं? इक्सी करणार आहोत, बाळाला काही होईल का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : कॅरिओटाइप म्हणजे पुस्तकाची पानं मोजणं, पानातली एक ओळ गाळली तर मोजणीत कळत नाही. तुमच्या वायवरची ओळ गेलीये, त्याला वेगळी टेस्ट लागते. वायवर स्पर्म बनवण्यासाठी लागणारे ए, बी, सी असे भाग असतात, एझेडएफसी म्हणजे त्यातला सी. ए किंवा बी भाग पूर्ण गेला असता तर टेस्टिसमध्ये स्पर्म शोधण्यातही अर्थ नव्हता, सी मध्ये बऱ्याच जणांत थोडे तरी असतात, तुमच्यासारखे. बाळ एरवी तब्येतीने ठीक असेल. मुलगी झाली तर तिला वाय मिळतच नाही, विषय संपला. मुलगा झाला तर तुमचा वाय आहे तसा त्याला जाणार आणि मोठेपणी त्याला पण हाच त्रास, म्हणजे वंशाचा दिवा दिवा म्हणतात तो वात कमी घेऊनच येणार. हे आईवडिलांना सांगायचं का ते तुम्ही ठरवा, बायकोला मात्र इक्सीच्या आधी नक्की सांगा. अशा केसमध्ये काउंट वर्षागणिक आणखी घसरू शकतो, म्हणून आत्ताच सॅम्पल फ्रीज करून ठेवा आणि त्या काउंट वाढवायच्या पावडरी आणणं थांबवा, गेलेली ओळ पावडरीने परत छापून येत नाही.