ग्लुटामेट दहापट, ट्रेस तेवढाच: माप नक्की कोणाचं भरलं?

तुमची अडचण मला कळली ती अशी. उंदराच्या मेंदूतल्या हिप्पोकॅम्पसमधल्या न्यूरॉन्सच्या कल्चरमध्ये फ्लुओ-४, म्हणजे कॅल्शियम धरलं की उजळणारा डाय, भरून कॅल्शियम बघताय. ग्लुटामेट, म्हणजे न्यूरॉनला चेतवणारं रसायन, १० मायक्रोमोलर दिलं, उजेड झपकन चढला आणि सपाट झाला. १०० दिलं तरी त्याच उंचीवर सपाट. आणि गाईड म्हणतात, "पेशी १० लाच पूर्ण प्रतिसाद देतात, लिहून टाक."

इतक्यात लिहू नका. गाईड बरोबरही असतील, पण या ट्रेसवरून, म्हणजे उजेडाच्या आलेखावरून, ते सिद्ध होत नाही. मापात धान्य काठोकाठ भरलं की वरून आणखी ओतलेलं खाली सांडतं, मापात दिसत नाही. इथे एकामागे एक तीन मापं आहेत: डिटेक्टर, डाय आणि खुद्द पेशी. सपाट रेघ तिन्ही ठिकाणी अगदी सारखीच दिसते.

डिटेक्टरचं पटकन उरकतो. १२ बिटच्या चित्रात कमाल आकडा ४०९५. लोक पेशीभोवती वर्तुळ काढून सरासरी घेतात, ती २८०० वगैरे येते आणि वाटतं, भरपूर जागा आहे. पण त्या वर्तुळातले मधले पिक्सेल ४०९५ ला टेकलेले असले, तर सरासरीचा माथा कापला जातो आणि आकड्यावरून कळतही नाही. म्हणून सरासरी बघू नका, सर्वांत उजळ फ्रेमचा हिस्टोग्राम (कोणत्या उजेडाचे किती पिक्सेल) बघा. गेन, म्हणजे डिटेक्टर उजेड किती वाढवून दाखवतो ते, पेशी शांत असताना लावू नका. आधी एक डिश बळी द्या, तिला जास्तीत जास्त उत्तेजित करा आणि त्या उजेडावर गेन ठरवा. मी पीएचडीच्या पहिल्या वर्षी उलटं केलं होतं. चार महिन्यांचा डेटा कचऱ्यात गेला.

खरी गोम डायमध्ये आहे. फ्लुओ-४ चा केडी साधारण ३४५ नॅनोमोलर. म्हणजे मुक्त कॅल्शियम तेवढं झालं की निम्मे डाय-रेणू कॅल्शियम धरून बसलेले असतात. शांत न्यूरॉनमध्ये कॅल्शियम सुमारे १०० नॅनोमोलर, तेव्हा २२ टक्के भरलेले. १ मायक्रोमोलरला ७४ टक्के. साडेतीनच्या आसपास ९१. १० मायक्रोमोलरला ९७. आता हेच उलट वाचा: उजेड ९५ वरून ९७ टक्क्यांवर गेला, ट्रेसवर ही हालचाल गोंगाटात बुडून जाईल, पण कॅल्शियम मात्र साडेसहावरून ११ मायक्रोमोलरवर गेलेलं असेल. उजेडावरून कॅल्शियम काढायच्या सूत्रात छेदात 'कमाल उजेड वजा आत्ताचा उजेड' असतो. माथ्याशी तो छेद शून्याकडे जातो आणि जरासा गोंगाटही उत्तरात कित्येक पटींनी फुगतो. शिवाय ३४५ हा आकडा काचेच्या नळीत, खोलीच्या तापमानाला मोजलेला. पेशीच्या आत तो सहसा याहून जास्त भरतो, म्हणून माझ्या टक्केवारीला अंदाज समजा.

हे कागदावरचं भय नाही. ग्लुटामेटच्या अतिरेकाने न्यूरॉन मरतात, याला जॉन ओल्नी यांनी 'एक्सायटोटॉक्सिसिटी' हे नाव दिलं. १९८५ मध्ये रॉजर त्सिएन यांच्या गटाकडून फ्युरा-२ हा डाय आला आणि जो तो पेशीतलं कॅल्शियम मोजू लागला. मग कोडं पडलं: मारक उत्तेजन आणि त्यामानाने सौम्य उत्तेजन, दोन्हींत फ्युरा-२ जवळपास सारखंच कॅल्शियम दाखवायचा. म्हणजे मरणाचा कॅल्शियमशी संबंध नाही की काय? १९९० च्या दशकात कमी आसक्तीचे, म्हणजे जास्त केडीचे, डाय वापरून तेच मोजलं, तेव्हा एनएमडीए रिसेप्टर (ग्लुटामेटने उघडणारं, कॅल्शियम आत सोडणारं दार) चेतवल्यावर कॅल्शियम कित्येक मायक्रोमोलरवर जाताना दिसलं. फ्युरा-२ चा केडी २०० नॅनोमोलरच्या आसपास, तो बिचारा कधीच भरून गेला होता. (फ्युरा-२ वर ३४० आणि ३८० नॅनोमीटरचा प्रकाश टाकून दोन उजेडांचा रेशो घेतला की या कटकटीतून सुटका, असा एक समज आहे. नाही. जास्त कॅल्शियमला ३८० चा उजेड पार्श्वभूमीशी जाऊन टेकतो आणि रेशो पिसाटतो.)

तर करायचं काय? प्रत्येक प्रयोगाच्या शेवटी, बाहेर कॅल्शियम ठेवून आयोनोमायसिन (कॅल्शियम पेशीत ओढून नेणारं रसायन) द्या. उजेड ग्लुटामेटच्या सपाटीपेक्षा चांगला वर गेला, तर डायमध्ये जागा होती. तिथेच राहिला, तर डाय भरलेला होता आणि त्या सपाटीवरून पेशीबद्दल काही बोलता येत नाही. मग कॅल्शियम बांधून टाकणारं ईजीटीए देऊन किमान उजेडही घ्या. दुसरी बॅच फ्युरा-एफएफने करा. त्याचा केडी साडेपाच मायक्रोमोलरच्या घरात आहे. तो १०० नॅनोमोलरला जवळजवळ आंधळा असतो, पण तुमचा प्रश्न वरच्या टोकाचा आहे, तेव्हा चालेल.

आणि डाय कमी भरा. डायचं एएम रूप (पडदा ओलांडू शकणारं) पेशीत शिरतं, तिथली एस्टरेज एन्झाइम्स त्याची शेपूट तोडतात, डाय आत अडकतो आणि बाहेर ठेवलेल्यापेक्षा कितीतरी पट साचतो. इतका डाय स्वतःच कॅल्शियम गिळतो. चढ मंद होतो, शिखर बोथट होतं. चित्र झकास उजळ दिसतं म्हणून खूश होणारे बहुतेक जण इथे फसतात. लेझरचंही तसंच: फार प्रकाश मारला तर नुसत्या त्यानेच पेशी बिघडून कॅल्शियम चढतं. ग्लुटामेट न देता, तेवढाच वेळ, तेवढ्याच लेझरवर एक डिश चालवा.

हे सगळं करूनही १० आणि १०० सारखेच आले, तर गाईडचं म्हणणं मान्य. त्यात नवल नाही. एनएमडीए रिसेप्टरला अर्धं चेतवायला काही मायक्रोमोलर ग्लुटामेट पुरतं, म्हणजे १० लाच बरेचसे रिसेप्टर गुंतलेले असतात. मात्र बफरमध्ये ग्लायसिन होतं का आणि मॅग्नेशियम काढलं होतं का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. ग्लायसिनशिवाय हा रिसेप्टर नीट उघडत नाही आणि मॅग्नेशियम त्याचं दार बुजवतं, म्हणून त्यावर बरंच अवलंबून आहे.

शेवटचं: रेकॉर्डिंग पाच मिनिटांवर थांबवू नका. ग्लुटामेट धुऊन काढा आणि तासभर तरी बघत राहा. काही पेशींत कॅल्शियम उतरतं आणि बऱ्याच वेळाने पुन्हा चढतं, ते मग उतरत नाही. त्या पेशी मरतात. तुमच्या १० आणि १०० मधला फरक कदाचित शिखरात नसेलच, या दुसऱ्या चढात असेल.