मलपृष्ठ म्हणजे घाण पान नव्हे, मळखाऊ पान

बीडचं एक पोरगं आजोबांच्या भारुडांचं ई-बुक करायलंय. त्यानं विचारलं, नाव-लेखक-प्रकाशक असलेल्या पानाला मुखपृष्ठ म्हणू का, अनुक्रम लिहू का अनुक्रमणिका, आणि मलपृष्ठ हा शब्द घाण वाटतो, खरा शब्द 'मूलपृष्ठ' आहे असं एका जाणत्यानं सांगितलं, ते बरोबर का.

साफ चूक! हे 'मूलपृष्ठ' हल्ली सारखं कानावर यायलंय आणि दरवेळी डोकं उठतं. मल म्हणजे नुसती विष्ठा नव्हे रे, मळ, मळका, मळकट ही सगळी त्याचीच लेकरं. संस्कृतात मलपृष्ठ म्हणजे पोथीचं बाहेरचं पहिलं पान, मळणार म्हणून मुद्दाम कोरं सोडलेलं, मोनिअर विल्यम्सच्या १८९९ च्या संस्कृत-इंग्रजी कोशात हाच अर्थ दिलाय. सुट्या पानांची पोथी, रुमालात बांधलेली, रोज सोडायची रोज बांधायची, समईची काजळी, हळदकुंकू, तेलकट बोटं सगळं पहिल्या पानानं अंगावर घ्यायचं, म्हणून लिहिणारा त्याची वरची बाजू रिकामी ठेवायचा आणि पान उलटून मजकूर सुरू करायचा. आई साडी घेताना मळखाऊ रंग बघते ना, तसं हे पोथीचं मळखाऊ पान. किती मायेचा शब्द आहे हा, आणि लोक त्याला लाजायलेत!

पण आज तर आपण पुस्तकाच्या मागच्या कव्हरला मलपृष्ठ म्हणतो, मंग पुढचं पान मागं कसं गेलं? माझं मत असं की छापखाने आले आणि पुढच्या पानाला तोंड मिळालं, नाव आलं, चित्र आलं, मुखपृष्ठ झालं, तेव्हा मलपृष्ठाला मागं सरकावं लागलं. काही अभ्यासक मल म्हणजेच 'मागचं' असं ठोकून देतात, त्यांनी तसा वापर असलेला एक तरी जुना दाखला दाखवावा.

पोथीला नावाचं पान नव्हतंच, ती माहिती शेवटी. ज्ञानेश्वरीच्या शेवटीच शके १२१२ येतो आणि सच्चिदानंदबाबा 'लेखकु' झाले हेही तिथंच, लेखकु म्हणजे लिहून घेणारा. आपल्या पैठणच्या नाथांनी प्रत शुद्ध केली तो शके १५०६ सुद्धा शेवटच्याच ओव्यांत.

हां, तुझं ई-बुक. मुखपृष्ठ म्हणजे कव्हर, ती चित्राची फाइल वेगळी. नावाचं पान ते शीर्षकपान. अनुक्रम म्हणजे नुसता क्रम, त्याची यादी ती अनुक्रमणिका, महाभारताच्या आदिपर्वाची सुरुवातच अनुक्रमणिकापर्वानं होते, तेव्हा बिनधास्त अनुक्रमणिका लिही. समोर पान नंबर टाकू नको, मोबाइलवर अक्षर मोठं केलं की पानं बदलतात, प्रत्येक भारुडाला लिंक दे.

आणि आजोबांच्या हाताची वही असेल तर तिच्या पहिल्या पानाचा फोटो पाठव, कोरं सोडलंय का बघायचंय मला.