मराठी माध्यमातून आलेल्या कॉलेजच्या मुलांना इंग्रजी वाचायला कसं शिकवावं?

तुम्ही लिहिलंय की यंदा पुण्यातल्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर लागलात, एफवायच्या, म्हणजे पदवीच्या पहिल्या वर्षाच्या, वर्गात शंभरेक मुलं आहेत, बहुतेक मराठी माध्यमाची, आणि उतारा समोर ठेवला की वर्ग गप्प होतो. पुस्तक कोणतं घेऊ आणि मराठीत अर्थ सांगत जाऊ का, असे तुमचे दोन प्रश्न आहेत. पुस्तकाचं शेवटी सांगते. दुसऱ्या प्रश्नावर मात्र मला थोडं बोलायचंय. मी स्वतः अकरा वर्षं मराठीत अर्थ सांगत आले आणि त्याची किंमत एका मुलानं मोजली.

पेठेतल्या एका कॉलेजात मी सव्वीस वर्षं इंग्रजी शिकवतेय. सुरुवातीच्या वर्षांत माझा तास ठरलेला असायचा. मी एक वाक्य वाचायचं, त्याचं मराठी सांगायचं, अवघड शब्द फळ्यावर लिहायचे. पोरं छापील ओळीच्या डोक्यावर पेन्सिलीनं मराठी अर्थ लिहून घ्यायची. मधूनच एखाद्याला उभं करून मोठ्यानं वाचायला लावायचे. त्या वर्गात आष्टीकडचा एक मुलगा होता, वडिलांचं शिलाईचं दुकान. आवाज खणखणीत, उच्चार स्वच्छ, कुठे अडखळणं नाही. मी कायम त्यालाच उठवायचे. इंग्रजीत त्याला ७१ मार्क पडले. त्या वर्गातला माझा सगळ्यात चांगला वाचक म्हणून मी त्याचं नाव सांगायचे.

पुढच्या वर्षी जुलैत तो स्टाफरूमच्या दारात उभा राहिला. प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घातलेलं पत्र होतं. म्हणाला, "मॅडम, वसतिगृहात जागा मिळाल्याचं पत्र आहे, आणि ऑफिसात म्हणतात जागा गेली." मी पत्र बघितलं. खालून तिसरी ओळ होती: 'कँडिडेट्स हू फेल टू रिपोर्ट बाय १५ जुलै शॅल फॉरफिट देअर सीट्स.' म्हटलं, ही ओळ वाच. त्यानं वाचली, वर्गात वाचायचा तशीच, एक चूक नाही. म्हटलं, आता अर्थ सांग.

"जे फेल झालेत त्यांनी १५ जुलैपर्यंत रिपोर्ट करायचंय. मी तर पास आहे मॅडम. फॉरफिट शब्द कळला नाही, पण ते फेलवाल्यांचं आहे म्हणून सोडून दिलं. त्यांची गर्दी होऊन जाऊ दे म्हणून मी १७ तारखेला गेलो."

ओळीचा खरा अर्थ, जे १५ जुलैपर्यंत हजर होणार नाहीत त्यांची जागा जाईल. मी त्याच्याबरोबर त्या ऑफिसात दोनदा गेले. तिथली माणसं नीट बोलली, पण जागा प्रतीक्षा यादीतल्या मुलाला देऊन झाली होती. मग हा नवी पेठेत कॉट बेसिसवर राहिला, एका खोलीत चौघं. मेसचे पैसे निघावेत म्हणून संध्याकाळी झेरॉक्सच्या दुकानात उभा राहायचा. मला त्यानं एका शब्दानं दोष दिला नाही. परतताना बसस्टॉपवर एवढंच म्हणाला, "तुम्ही वर्गात सांगता तेव्हा सगळं कळतं मॅडम. पत्र आलं तेव्हा तुम्ही नव्हतात."

हे वाक्य मी विसरू शकलेले नाही. त्यामुळे तुमच्या प्रश्नाला माझं सरळ उत्तर असं: वाक्यामागून वाक्य मराठी करून सांगू नका. असं करून वाचायला येत नाही. पोरं तुमचं मराठी ऐकतात आणि इंग्रजी ओळ तशीच पडून राहते. आणि मोठ्यानं वाचायला लावून कोणाला वाचता येतं ते ठरवू नका. सगळं लक्ष उच्चाराकडे आणि वर्ग हसेल का याकडे असताना अर्थाकडे बघणार कोण?

त्या ओळीत तो अडला कुठे, याचा मी बरेच दिवस विचार केला. फॉरफिट सोडला तर सगळे शब्द त्याला येत होते, म्हणजे शब्दसंग्रहाचा मुद्दा तिथे नव्हता. मराठीत क्रियापद शेवटी येतं. आपला वाचक वाक्याच्या शेवटाची वाट बघतो, सगळी गाठ तिथे सुटते. इंग्रजीत क्रियापद कर्त्याला चिकटून आधीच येऊन गेलेलं असतं, आणि मधे 'हू' लागला की कर्ता एकीकडे आणि त्याचं खरं क्रियापद पार दुसरीकडे. आपण 'जे येणार नाहीत ते' अशी जोडी लावतो. इंग्रजीत 'ते' येतच नाही, तो जोडायचं काम वाचणाऱ्याचं. त्यात 'फेल टू' म्हणजे नुसतं 'न करणं', हे आम्ही कधी सांगितलंच नाही. बारा वर्षं इंग्रजी शिकलेल्या मुलाला फेल म्हणजे एकच गोष्ट माहीत असते. राज्यानं २००० साली पहिलीपासून इंग्रजी आणलं, त्यामुळे आता समोर येणारं प्रत्येक पोर बारा वर्षं इंग्रजी शिकलेलंच असतं.

मग ७१ मार्क कसे पडले? हेही मी करून बघितलं. वर्गात फळ्यावर लिहिलं, 'द टारू बिलूड द मोप इन द गांबी.' खाली प्रश्न: हू बिलूड द मोप? व्हेअर डिड द टारू बिलू द मोप? सगळ्या वर्गानं बरोबर उत्तरं दिली. 'द' आणि 'इन' सोडले तर वाक्यातले बाकीचे शब्द मीच केलेले, त्यांना काही अर्थ नाही. आपल्या उताऱ्यावरचे कितीतरी प्रश्न असेच सुटतात: प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधायचा आणि ती ओळ उचलून उत्तरपत्रिकेत ठेवायची. बाकीचं अपेक्षित प्रश्नसंच पाठ करून निघतं. तेव्हापासून मी समजलं का हे मराठीत विचारते आणि उत्तरही मराठीत घेते. मराठीत ओळ उचलता येत नाही, कळलं असेल तरच बोलता येतं. म्हणजे मराठी वर्गात हवीच. फक्त ती मुलांच्या तोंडून यायला हवी, आपल्या नाही.

आता आमच्या विभागप्रमुखांबरोबरचा वाद. त्या प्रकारानंतर मी अप्पा बळवंत चौकात जाऊन सोप्या इंग्रजीतली जुनी पुस्तकं गोळा केली, चाळीसेक झाली असतील. प्रत्येक वेगळं, कोणतंही शंभर पानांच्या वर नाही. ती खोक्यात भरून एफवायच्या वर्गात नेली. सरांनी मला बोलावून घेतलं. म्हणाले, "हे विद्यापीठ आहे, बालवाडी नाही. चिपळूणकरांनी इंग्रजीला वाघिणीचं दूध म्हटलं आणि तुम्ही त्यात पाणी घालताय." वर म्हणाले की ही परदेशी फॅडं आहेत, आपल्या मुलांना दर्जेदार गद्यच द्यायला हवं. मी तेव्हा गप्प बसले. नोकरी पक्की झाली होती, तरी गप्प बसले. तुम्ही विचारलंत म्हणून त्यांना द्यायचं राहिलेलं उत्तर इथे देते.

हे फॅड परदेशातून आलेलं नाही, ते फाळणीआधीच्या आपल्याच देशात, ढाक्यात जन्मलं. मायकेल वेस्ट हा इंग्रज ढाक्याच्या शिक्षक प्रशिक्षण महाविद्यालयाचा प्राचार्य होता. बंगालमधली मुलं वर्षानुवर्षं इंग्रजी शिकतात आणि बहुतेकांची शाळा मधेच सुटते, तेव्हा त्यांच्या हातात काय उरतं, असा त्याचा प्रश्न होता. विम्याची पॉलिसी मधेच मोडली तर काय मिळतं, त्याला आपण सरेंडर व्हॅल्यू म्हणतो. वेस्टनं तोच शब्द शिक्षणाला लावला. त्याचं म्हणणं, या मुलांना आधी वाचता आलं पाहिजे, कारण शाळा सुटली तरी वाचन हाताशी राहतं. १९२६ साली त्यानं हे पुस्तकात मांडलं. मुलांची वाचनमालाही त्यानं केली, तिच्यात जुने ग्रांथिक शब्द काढून रोजचे घातले आणि नवा शब्द एकदम न ओतता पसरून दिला. पुढे १९५३ मध्ये त्याची साधारण २००० शब्दांची यादी आली, आणि सोपी वाचनपुस्तकं रचणाऱ्यांनी पुढे कित्येक वर्षं तिचा आधार घेतला. माझ्या खोक्याच्या मुळाशी हा माणूस होता, आणि त्याच्यासमोर बसलेली मुलं आपल्यासारखीच होती.

दर्जेदार गद्याचंही बघू. न्यूझीलंडचे पॉल नेशन यांनी या विषयावर आयुष्य घालवलंय. त्यांचा हिशेब असा की कोणाच्या मदतीशिवाय सुखानं वाचायचं तर पानावरचे शंभरातले अठ्ठ्याण्णव शब्द ओळखीचे हवेत. इंग्रजी वर्तमानपत्र किंवा कादंबरी तशी वाचायला आठ ते नऊ हजार शब्दकुटुंबं लागतात, आणि त्यात रीड, रीडर, रीडिंग हे सगळं एकच धरलंय. अडीचशे शब्दांच्या पानात अनोळखी शब्द पाच, त्याहून जास्त नाहीत. आमच्या नेमलेल्या पुस्तकाच्या एका पानावर मी एकदा मुलांना अनोळखी शब्दांखाली रेघ मारायला लावली. कित्येकांच्या रेघा चाळीसच्या पुढे गेल्या. अशा पानावर मूल वाचत नसतं, खोदत असतं. वाक्याचं शेपूट हाती येईपर्यंत तोंड विसरलेलं असतं. दुधात पाणी घातलं म्हणता सर, पण ते दूध पोटात तरी गेलं. तुमचं भांड्यातच राहत होतं.

सर आता निवृत्त आहेत. त्यांच्याइतकं वाचलेला माणूस मी आमच्या कॉलेजात दुसरा पाहिला नाही. पण या बाबतीत ते चुकत होते.

तर तास कसा घ्यायचा. पहिली पंधरा मिनिटं सगळ्यांनी गप्प वाचायचं, आपापलं पुस्तक. वही नाही, डिक्शनरी नाही, मोबाईल नाही. पुस्तक ज्याचं त्यानं निवडायचं: कोणतंही पान उघडायचं, अनोळखी शब्दाला एक बोट मिटायचं, पाचाच्या वर गेलं की पुस्तक खोक्यात परत. त्या वेळात तुम्हीही वाचा, हजेरीपत्रक भरू नका, बाकांमधून फिरू नका. पहिले दोन आठवडे कुजबुज होईल, कोणी झोपेल. झोपू द्या. तिसऱ्या आठवड्यापासून फरक दिसतो. निदान मला दर वर्षी दिसला.

उरलेल्या वेळात नेमलेल्या पुस्तकातला एकच परिच्छेद घ्या, पानभर नको. प्रत्येक वाक्याला दोनच प्रश्न: खरं क्रियापद कोणतं आणि ते कोणाचं? 'द स्टुडंट्स ॲडमिटेड अंडर द स्कीम वेअर आस्क्ड टू वेट' हे वाक्य देऊन बघा. वर्ग ठामपणे सांगतो की मुलांनी ॲडमिट केलं. मग 'वेअर आस्क्ड'वर बोट ठेवायचं आणि थांबायचं. तुम्ही सांगू नका. कोणीतरी सांगतं, "मॅडम, ॲडमिटेड म्हणजे प्रवेश दिलेली मुलं." ते 'दिलेली' ज्या क्षणी पोराच्या तोंडून येतं, त्या क्षणी त्याला मराठी आणि इंग्रजी दोन्ही कळलेलं असतं. तसंच 'ही हार्डली वर्क्ड' दिलं की निम्मा वर्ग म्हणतो त्यानं खूप कष्ट केले, खरा अर्थ त्यानं जेमतेमच काम केलं. अनलेस, हार्डली, फेल टू, फार फ्रॉम, असे वाक्याला उलटं फिरवणारे शब्द मी वर्षभर गोळा करते आणि फळ्याच्या कोपऱ्यात ठेवते. आणि कॉलेजच्या सूचनाफलकावरची इंग्रजी नोटीस आठवड्यातून एकदा वर्गात आणाच. पोरांना आधी तीच वाचावी लागणार आहे.

पुस्तक कोणतं, तर एकच पुस्तक घेऊ नका. ऑक्सफर्डच्या बुकवर्म्स मालिकेत पहिली पायरी ४०० मूळ शब्दांची, दुसरी ७०० ची, तिसरी १००० ची आहे. तशा पायऱ्यांची कोणतीही मालिका चालेल. मराठी माध्यमाच्या वर्गाला पहिल्या दोन पायऱ्यांतलीच जास्त घ्या. नवी महाग पडतात, पण अप्पा बळवंत चौकातल्या जुन्या पुस्तकवाल्यांना सांगून ठेवलं की मिळतात. एकाच पुस्तकाच्या तीस प्रती घेण्यापेक्षा तीस वेगळी पुस्तकं घ्या. कॉलेजनं पैसे दिले नाहीत तर मुलांकडून वर्गणी मागू नका, मेसच्या पैशातून ती काढतात.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. परीक्षेचा नमुना बदलणं तुमच्या हातात नाही, त्यामुळे सत्राच्या शेवटी तीन-चार आठवडे प्रश्नपत्रिकेची तयारी करून घ्यावीच लागते. तिथे मी आजही सरळ मराठीत समजावते. तासिका तत्त्वावर असाल तर खोकं वर्गात नेण्याआधी प्रमुखांना विचारा, माझ्यासारखं परस्पर करू नका, तुमचा पुढच्या वर्षीचा तास त्यांच्या सहीवर आहे. आणि शंभरात चार-पाच मुलं अशी निघतात ज्यांना अक्षरं जुळवून शब्दच वाचता येत नाही. गप्प वाचनात ती पान उलटत बसतात आणि ओळखू येत नाहीत. त्यांना सोपं पुस्तक देऊन भागत नाही. त्यांना तासानंतर दहा मिनिटं शेजारी बसवून, अक्षराखाली बोट धरून वाचून घ्यावं लागतं. तेही वर्गासमोर कधीच नाही.