शिक्षिकेने विद्यार्थ्यांबरोबर पिशव्या भराव्यात का?

प्रश्न : माझी मुलगी कॅनडातील ऑन्टॅरियो प्रांतात शिक्षिका आहे. दर शनिवारी ती विद्यार्थ्यांबरोबर फूड बँकेत जाऊन गरजूंसाठी धान्याच्या पिशव्या भरते. सेवा सक्तीची आहे ती मुलांना. मग तिने स्वतः राबण्याची गरज काय?
— एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : ऑन्टॅरियोत माध्यमिक शिक्षणाच्या पदविकेसाठी विद्यार्थ्याला ४० तासांची विनामोबदला समाजसेवा करावी लागते, हे खरे, शिक्षकांवर तसे बंधन नाही, आणि म्हणूनच आपल्या मुलीच्या शनिवारांचे मोल मला अधिक वाटते. तास भरायचे म्हटले की मुलांचे लक्ष नोंदीच्या कागदाकडे जाते. पण डाळीची पिशवी फुटल्यावर बाईच खाली बसून दाणे वेचू लागल्या, की मुलेही कागद विसरून कामाला लागतात. वर्गात गप्प राहणारा एखादा मुलगा अशा वेळी बाईंनाच काम समजावून देतो, आणि हा अनुभव त्याला पुस्तकातल्या कोणत्याही धड्यातून मिळू शकत नाही.

आपल्याकडेही हे नवे नाही. गांधीजन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सेवा योजनेत स्वयंसेवकाकडून दोन वर्षांत २४० तासांचे काम अपेक्षित असते, आणि त्यांच्या सात दिवसांच्या शिबिरात कार्यक्रम अधिकारी असलेले प्राध्यापकही सोबत असतात.

मुलीला एवढेच सांगावे, की मुलांचे हात संथ चालले तरी त्यांच्या वाट्याचे काम तिने उरकून टाकू नये.