निवेदन मुलाचं, शब्द बाबांचे

नमस्कार ताई,

मुलगा सांगलीत मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. 'थिसिस त्याला झेपणार नाही, म्हणून कॅनडात नुसत्या विषयांचं एम.इंज. (मास्टर ऑफ इंजिनिअरिंग) करायचं, पात्रता कळवा,' असं तुम्ही लिहिलंत. पात्रता सांगते. पण सोबत जोडलेल्या दोन कागदांनी मला जास्त अस्वस्थ केलं.

एक त्याचं 'स्टेटमेंट ऑफ पर्पज', म्हणजे हे का शिकायचंय याचं निवेदन. पहिलंच वाक्य : 'लहानपणापासून मला थर्मल इंजिनिअरिंगची ओढ आहे.' दुसरी गुणपत्रिकेची झेरॉक्स. तीत थर्मलमधलाच हीट ट्रान्सफर हा विषय जेमतेम सुटलाय, आणि मेट्रॉलॉजी (मोजमापशास्त्र) व मशीन डिझाइनला उत्तम गुण आहेत. निवेदन त्याच्या बाबांनी लिहिलं, त्याने फक्त सही केली, हे तुम्हीच सांगितलंत. प्रवेश समितीपुढे हे दोन्ही कागद एकत्रच जातील. पण समितीचं राहू द्या. तीन पानी पत्रात त्याला काय हवंय, हे एकदाही आलेलं नाही. शेवटी ता. क. मध्ये एवढंच, की 'हल्ली जेवताना तो बोलत नाही.' ताई, मला काळजी वाटते ती या ओळीची. तुमच्या पत्राची सुरुवात इथून व्हायला हवी होती.

पात्रता अशी : इंजिनिअरिंगची चार वर्षांची पदवी, ट्रान्सक्रिप्ट, निवेदन, बहुतेक ठिकाणी शिफारसपत्रं. टोरोंटो विद्यापीठाला शेवटच्या दोन वर्षांत सरासरी मधला 'बी' लागतो आणि आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत एकूण ७, कोणत्याही भागात ६.५ च्या खाली नाही. इथेच शिकायचं तर गेट ही प्रवेशपरीक्षा देऊन एम.टेक. आहेच, त्यात महिना १२,४०० रुपये विद्यावेतनही मिळतं.

आता फीसाठी घर गहाण ठेवायचं तुमच्या मनात आहे, त्याबद्दल. 'तिकडे प्राध्यापकांकडे काम करून फी निघते' हे तुम्हाला कुणी सांगितलं माहीत नाही, पण एम.इंज.च्या बाबतीत हा हिशेब चुकीचा आहे. ते पैसे सहसा थिसिसवाल्या एम.ए.एससी.च्या मुलांना मिळतात, कारण त्यांचं संशोधन म्हणजे त्या प्राध्यापकाच्याच प्रकल्पाचं काम असतं. एम.इंज.चा विद्यार्थी विषय घेतो, परीक्षा देतो आणि फी साधारणपणे स्वतः भरतो. शिवाय १ सप्टेंबर २०२५ पासून व्हिसासाठी एकट्या विद्यार्थ्याला फी आणि प्रवासखर्च सोडून राहण्याखाण्याचे २२,८९५ कॅनेडियन डॉलर दाखवावे लागतात. आणि थिसिस नाही म्हणजे सोपं, असंही नाही. टोरोंटोत दहा विषय असतात, आणि एखाद्यात 'बी वजा'च्या खाली गेला की त्यात नापास. न आवडणारे दहा विषय, परका गाव आणि डोक्यावर घराचं कर्ज. हे ओझं त्याच्यावर टाकू नका.

माझं स्पष्ट मत : यंदा अर्ज करू नका. मोजमापात त्याला गती दिसते. किर्लोस्करवाडीला किंवा कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीत एखाद्या फाउंड्रीच्या, मशीन शॉपच्या क्वालिटी विभागात दोन वर्षं काम करू दे. कास्टिंग (ओतीव भाग) रिजेक्ट का झालं, हे शोधताना त्याला पुढे काय शिकायचंय ते कळेल. तेव्हाही एम.इंज. करता येईल.

तोवर एक करा. त्याला दोन कोरे कागद द्या आणि रोज कुठलं काम करायला आवडेल, ते मराठीत लिहायला सांगा. तुम्ही दोघांनीही न वाचता ते पाकिटात घालून मला पाठवा. उत्तर मी त्यालाच लिहीन.