कोसा अन् लाख एकाच जातीचे का?

प्रश्न: मोहफुलं वेचायला गेलो तर पळसाच्या फांदीवर लालसर खडबडीत खपली दिसली, अन् पुढं ऐनाच्या झाडाला कोंबडीच्या लहान अंड्याएवढा रेशमाचा कोसा लोंबत होता. आमचा आजा म्हणते दोन्ही किड्याचंच काम. मग एकाच जातीचे का जी? अन् ती फांदी तोडून आणू का?
– एक वाचक, जि. गोंदिया

उत्तर: आजोबांचं बरोबर आहे, पण नातं म्हणाल तर फुलपाखरू अन् ढेकणात असते तेवढं. कोसा करणारी पतंगाची अळी, अन् ती खपली म्हणजे लाख, तिचा किडा ढेकूण-माव्याच्या खानदानातला.

लाखेचं पिल्लू जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचं, लाल, जसा कुंकवाचा कण. कवळ्या फांदीवर जाऊन सोंड खुपसते, अन् मादी तर मग मरेपर्यंत तिथून हलत नाही, पायच राहत नाहीत तिला. रस पीत राहते, अंगातून राळ सोडत राहते, अन् शेजारीपाजारी बसलेल्या साऱ्यांची राळ एकात एक मिसळून तुम्ही पाहिली ती खपली होते. भिंग घेऊन पाहा, कापसासारखे पांढरे तंतू दिसतील, श्वासाची भोकं त्यांनीच मोकळी राहतात. मुंग्याही असतील, किड्याचा गोड चिकटा प्यायला येतात त्या.

कोशाची अळी मात्र पानं खाते, ऐन नाहीतर अर्जुनाची, चारदा कात टाकते, मग तोंडातून धागा काढत घर विणते अन् देठाला कडं करून ते फांदीला असं आवळते की ओढून निघत नाही. आतला जीव उन्हाळाभर निजून असते, पाऊस लागला की पतंग बाहेर. वीतभर पंख, त्यावर आरपार दिसणारे गोल डोळे, पण त्याला खाता येत नाही! जोडी जमवायची, अंडी घालायची, आठ-दहा दिवसांत खेळ खलास. तो कोसा फोडून निघाला की सलग धागा मिळत नाही, म्हणून आरमोरी-भंडाऱ्याकडं सुतासाठीचे कोसे आधीच उष्णता देऊन ठेवतात.

आता फांदीचं. आत्ता तोडू नका, सरपणात तर अजिबात घालू नका, लय जीव तुटतो असं पाहिलं की. पळसावरच्या या लाखेची पिल्लं जून-जुलैत निघतात. त्याच्या जरासं आधी फांदी कापा, दुसऱ्या पळसाच्या कवळ्या फांद्यांना बांधा, अन् तीन आठवड्यांत ती काडी उतरवून घ्या, नाहीतर लाख खाणाऱ्या अळ्या तिच्यातूनच नव्या झाडावर जातात. अन् जवळच्या वावरात फवारणी असली तर वारा पळसाकडं नाही ना, तेवढं पाहा.