कोकमाचा अर्क, रॅट आणि खाडीतली काळुंदर: प्राण्यांवरच्या प्रयोगाची परवानगी कशी मिळवायची

प्रश्न थोडक्यात असा आहे. रत्नागिरी जिल्ह्यातलं कॉलेज, स्वतःचं अॅनिमल हाउस नाही. एका विद्यार्थिनीला कोकमाच्या सालीचा अर्क मधुमेही रॅटना देऊन बघायचा आहे. दुसऱ्या विद्यार्थ्याला काजूच्या कारखान्याच्या सांडपाण्याने खाडीतल्या काळुंदर या माशावर काय होतं ते तपासायचं आहे. परवानगी कोणाची लागते, वेळ किती लागतो, आणि काम सुरू करून कागद मागाहून केले तर चालतील का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: चालत नाहीत. झालेल्या प्रयोगाला मागाहून मंजुरी मिळत नाही. नियतकालिकं मंजुरीचा क्रमांक आणि तारीख मागतात, आणि प्राणीखरेदीचं बिल त्या तारखेच्या आधीचं निघालं तर अख्खा प्रबंध अडकतो. त्याहून मोठं नुकसान म्हणजे त्या जनावरांनी सोसलेला त्रास कुणाच्याच कामी येत नाही.

कायद्याची चौकट फार मोठी नाही. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख करणारी केंद्र सरकारची एक समिती आहे. तिचं जुनं नाव सीपीसीएसईए, आता तिला सीसीएसईए म्हणतात आणि ती पशुसंवर्धन व दुग्धव्यवसाय विभागाकडे आहे. १९९८ च्या नियमांनुसार प्रयोग फक्त तिच्याकडे नोंदणी असलेल्या संस्थेतच करता येतो, तोही त्या संस्थेच्या प्राणी नीती समितीने, म्हणजे आयएईसीने, मंजूर केल्यावर. रॅट, माईस, गिनीपिग, ससे यांच्यासाठी आयएईसीची मंजुरी पुरते. कुत्रा, डुक्कर, शेळी, गुरं, माकड असेल तर आयएईसी फक्त शिफारस करते, निर्णय दिल्लीहून येतो. एम.एस्सी.च्या दोन वर्षांत त्या वाटेला जाऊ नये.

तुमच्या कॉलेजची नोंदणी नाही, तर एका-दोन प्रकल्पांसाठी ती करायलाही जाऊ नका. नोंदणीचा फॉर्म ए, इमारतीचा आराखडा, पशुवैद्यक, कामाच्या लेखी पद्धती, तपासणी, आणि त्यानंतर जनावरं असोत-नसोत, ते सगळं सांभाळणं आलं. नोंदणी असलेलं जवळचं फार्मसी किंवा वैद्यकीय महाविद्यालय गाठा, तिथल्या एका शिक्षकाला सहसंशोधक करा आणि अर्ज त्यांच्याच समितीपुढे न्या. दोन संस्थांमधला करार आधी लेखी व्हायला हवा: जनावरं कोणाच्या नावावर, रोजची देखभाल कोण करणार, रविवारी आणि गणपतीच्या सुट्टीत कोण येणार. हा शेवटचा मुद्दा क्षुल्लक वाटेल, पण कोकणात गणपतीचे दिवस म्हणजे सगळं गाव सुट्टीवर असतं. अर्जात त्या दिवसांसाठी माणसाचं नाव असेल तर समितीचा विश्वास बसतो.

वेळेचं म्हणाल, तर बहुतेक संस्थांत समितीच्या बैठका वर्षातून मोजक्याच होतात. सीसीएसईएने नेमलेला मुख्य प्रतिनिधी किंवा त्याच्या जागी असलेला पर्यायी प्रतिनिधी हजर नसेल तर बैठक धरली जात नाही, त्यामुळे तारीख त्यांच्या सोयीने ठरते. पहिल्या बैठकीत दुरुस्त्या निघतात हे गृहीत धरून चार ते सहा महिने हाताशी ठेवा.

आता खरं काम: फॉर्म बी, म्हणजे प्रयोगाच्या परवानगीचा अर्ज. हा अर्ज वरवर कारकुनी दिसतो, पण त्यातला प्रत्येक रकाना प्रयोगाच्या आराखड्यावरचा प्रश्न आहे. तो भरता येत नसेल तर प्रयोग अजून तयार झालेला नाही, असं खुशाल समजा.

सगळ्यात जास्त अर्ज जनावरांच्या संख्येवर अडतात. "प्रत्येक गटात ६, कारण सगळे ६ घेतात" हे कारण होऊ शकत नाही. आधीच्या अभ्यासांतून अपेक्षित फरक आणि विचलन मिळत असेल तर ८० टक्के पॉवर (खरा फरक असेल तर तो पकडला जाण्याची शक्यता) आणि ०.०५ ची सार्थकता पातळी धरून संख्या काढा. तशी माहिती नसेल तर रिसोर्स इक्वेशन वापरा: एकूण जनावरांतून एकूण गट वजा केल्यावर उत्तर १० ते २० च्या मध्ये यायला हवं. तुमचे गट पाच आहेत: निरोगी, मधुमेही पण उपचार नाही, मेटफॉर्मिन (मधुमेहाचं नेहमीचं औषध), अर्काचा कमी डोस, अर्काचा जास्त डोस. गटात ६ घेतले तर ३० वजा ५ म्हणजे २५, हे मर्यादेबाहेर. ५ घेतले तर २५ वजा ५ म्हणजे २०, हे बसतं. रॅटना मधुमेही करण्यासाठी स्ट्रेप्टोझोटोसिन हे रसायन टोचतात. ते दिल्यावर काही रॅट दगावतात, काहींची साखर चढतच नाही. ही गळती २० टक्के धरली तर ५ भागिले ०.८, म्हणजे ६.२५, म्हणून ७. पण ही वाढ फक्त मधुमेही चार गटांना लागू आहे, निरोगी गटाला नाही. म्हणून २८ अधिक ५, एकूण ३३. हे गणित अर्जात जसंच्या तसं लिहा. २८ जणांना इंजेक्शन देऊन, ज्यांची साखर चढली त्यांचीच चिठ्ठ्या टाकून गटांत वाटणी करणार, आणि ज्यांची चढली नाही त्यांचं काय करणार, हेही लिहा. तो प्रश्न हमखास येतो.

त्यानंतर डोस. फार्मसीच्या प्रबंधांत २०० आणि ४०० मिग्रॅ प्रति किलो हे आकडे एकमेकांवरून उतरवलेले दिसतात, आणि समितीतल्या जाणत्या माणसाला ते लगेच कळतं. डोस माणसाच्या वापरावरून काढा. ६० किलोच्या माणसाने दिवसाला १ ग्रॅम अर्क घेतला तर ते १६.७ मिग्रॅ प्रति किलो. रॅट आणि माणूस यांच्या आकारातल्या फरकासाठी त्याला ६.२ ने गुणायचं, म्हणजे साधारण १०३. मग १०० आणि २०० अशा डोसना काही आधार राहतो. तोंडावाटे १० मिली प्रति किलो धरलं तर २०० ग्रॅमच्या रॅटला २ मिली द्यायचे. इथे कोकमाची एक खोड लक्षात घ्या. अर्क आंबट असतो, हायड्रॉक्सिसिट्रिक आम्लामुळे. रोज नळीने तसाच पोटात सोडला तर जठर सोलवटतं, रॅट खाणं कमी करतो, आणि खाणं कमी झाल्याने उतरलेली साखर अर्काच्या खात्यावर जमा होते. सामू (पीएच) जुळवून घ्या आणि रोजचं खाणं व वजन दोन्ही नोंदवा.

"प्राणी वगळून हे करता येणार नाही का?" या रकान्यात "नाही, संपूर्ण शरीर लागतं" असं एक वाक्य लिहून सुटका होत नाही. अल्फा-ग्लुकोसिडेज हे पिष्टाची साखर करणारं विकर रोखण्याची चाचणी आणि स्नायूपेशींत ग्लुकोज शोषण्याची चाचणी आधी करा, त्यांचे आकडे जोडा, आणि त्यानंतरचा कोणता नेमका प्रश्न पेशींत सुटत नाही ते सांगा. अर्काच्या विषारीपणाची माहिती प्रकाशित असेल तर ती चाचणी पुन्हा मागू नका. नसेल तर ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या ४२३ क्रमांकाच्या पद्धतीने टप्प्याला ३ माद्या पुरतात. निम्मी जनावरं मरतील तो डोस शोधणारी जुनी ४०१ क्रमांकाची एलडी-५० चाचणी २००२ मध्येच रद्द झाली. तरी जुन्या प्रबंधांवरून उतरवलेल्या अर्जांत ती अजून दिसते.

वेदनेच्या रकान्यात नेमकेपणा हवा. स्ट्रेप्टोझोटोसिन पीएच ४.५ च्या थंड सायट्रेट बफरमध्ये ऐन वेळी विरघळवायचं, कारण ते झपाट्याने निकामी होतं. दिल्यावर स्वादुपिंडाच्या पेशी फुटून साठलेलं इन्सुलिन एकदम बाहेर पडतं, साखर कोसळते आणि रॅट रात्रीत मरतो. म्हणून पहिले २४ तास ५ ते १० टक्के ग्लुकोजचं पाणी ठेवायचं. ७२ तासांनी शेपटीच्या टोकाच्या थेंबावर ग्लुकोमीटरने मोजून २५० मिग्रॅ प्रति डेसिलीटरच्या वर असलेले घ्यायचे. रक्त एका वेळी एकूण रक्ताच्या १० टक्क्यांपर्यंतच काढायचं. रॅटमध्ये किलोमागे सुमारे ६४ मिली रक्त असतं, म्हणजे २०० ग्रॅमच्या रॅटकडून जास्तीत जास्त १.२ मिली. डोळ्यामागून काढणार असाल तर भूल देऊनच. भुलीसाठी ईथर लिहू नका. प्रयोग मध्येच कधी थांबवणार तेही आकड्यात लिहा: वजन २० टक्क्यांनी घटलं, हाक-स्पर्शाला प्रतिसाद नाही, उठून पाण्यापर्यंत जाता येत नाही. "प्रकृती गंभीर झाल्यास" हे शब्द समिती परत पाठवते, कारण ती वेळ आली हे पहाटे ड्युटीवरच्या मदतनिसाला ठरवायचं असतं. शेवट कार्बन डायऑक्साइडने करणार असाल तर पेटीच्या आकारमानाच्या ३० ते ७० टक्के दर मिनिटाला, हा वेग नोंदवा. मृत शरीरं जैववैद्यकीय कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत जातात, त्याचं कंत्राट यजमान संस्थेकडे असायला हवं.

कोकणात वेगळा विचार करावा लागतो तो हवेचा. मार्गदर्शक तत्त्वांत तापमान १८ ते २९ अंश आणि आर्द्रता ३० ते ७० टक्के सांगितली आहे. जुलैत बाहेरची हवा सहज ८५ टक्क्यांवर असते. मधुमेही रॅट निरोगी रॅटच्या कितीतरी पट लघवी करतात. ओल्या हवेत भुसा वाळत नाही, अमोनिया साठतो आणि श्वसनाचे आजार लागतात. इतर ठिकाणी आठवड्यातून दोनदा भुसा बदलून भागतं, इथे या गटांना रोज बदलावा लागेल, आणि भुशाची मागणी अर्थसंकल्पात त्या हिशेबाने धरा. २०० ते ३०० ग्रॅमच्या रॅटला किमान १८७ चौरस सेंमी जागा लागते. पण मधुमेही रॅट पिंजऱ्यात दोन-तीनच ठेवा, मग कोरडं राहतं. खाद्याच्या गोळ्यांना पावसाळ्यात बुरशी धरते आणि त्यातलं अफ्लाटॉक्सिन हे विष यकृत बिघडवतं. तुम्ही एसजीपीटी (यकृताची चाचणी) मोजणार असाल तर सगळा निकालच फसवा निघतो. खाद्य थोडं थोडं मागवा, घट्ट झाकणाच्या पिंपात, जमिनीपासून वर ठेवा. वीज गेल्यावर वातानुकूलन किती वेळात सुरू होतं ते लेखी विचारून घ्या. जमलं तर सगळा प्रयोग नोव्हेंबर ते मार्च या काळातच बसवा.

जनावरं नोंदणीकृत पैदासकाकडूनच घ्यायची, आणि पुरवठादार बहुधा घाटावरचा असतो. गाडी आंबा घाट किंवा कुंभार्ली घाटातून उतरते. दरड कोसळून ती रात्रभर अडकली तर आतल्या खोक्यांत काय होईल याचा विचार अर्जातच हवा: पाण्याऐवजी जेल, हवेशीर खोकी, दुपार टाळून प्रवास. आल्यावर किमान आठवडाभर विलगीकरण, त्या दिवसांत इंजेक्शन नाही.

आता काळुंदर. मासे या नियमांतून सुटतात हा समज चुकीचा आहे. माशांवरच्या प्रयोगांसाठी २०२१ ची वेगळी मार्गदर्शक तत्त्वं आहेत, अर्ज आयएईसीकडेच करायचा. बाजारातून आणलेल्या मेलेल्या मासळीच्या ऊतींवर काम असेल तर तो जिवंत प्राण्यावरचा प्रयोग नव्हे. तरी "मंजुरीची गरज नाही" असं समितीचं पत्र घेऊन ठेवा, नियतकालिक मागतं. तिसऱ्या (शिंपले), कालवं, खेकडे यांच्यासाठीही एक पानाचं पत्र देऊन लेखी उत्तर घ्या.

सांडपाण्याच्या चाचणीत ओईसीडी २०३ नुसार किमान पाच तीव्रता आणि एक नियंत्रण, प्रत्येकी किमान ७ मासे, म्हणजे ४२. इतके मासे मागण्याआधी आर्टेमिया या खाऱ्या पाण्यातल्या बारीक कोळंबीवर्गी जीवाच्या पिल्लांवर पाणी तपासा. तिथेच काही होत नसेल तर फक्त न मिसळलेलं सांडपाणी आणि नियंत्रण अशी १४ माशांची मर्यादा-चाचणी आधी मागा. काजूच्या टरफलाच्या तेलातली फिनॉलवर्गी द्रव्यं त्वचा सोलवटतात, मग कल्ल्यांचं काय होत असेल ते ओळखा. पण मासे नेमके त्यानेच मेले हे सिद्ध करायला दोन नियंत्रणं लागतात. सांडपाणी गोडं, मासा खाडीचा, म्हणून क्षारतेचं नियंत्रण वेगळं. आणि सेंद्रिय घाणीने पाण्यातला ऑक्सिजन संपतो, म्हणून तो संपृक्ततेच्या ६० टक्क्यांखाली जाऊ देऊ नका, नाहीतर मासे गुदमरतात आणि निष्कर्ष विषबाधेचा निघतो. आणल्यावर सात दिवसांत १० टक्क्यांहून जास्त मासे मेले तर ती सगळी तुकडी नाकारायची. उलटा पडलेला, तोल गेलेला मासा मरेपर्यंत ९६ तास वाट बघायची नसते. तो मरणासन्न म्हणून नोंदवून सामू जुळवलेल्या एमएस-२२२ या भुलीच्या औषधाच्या जास्त मात्रेत घ्या, हे अर्जात लिहा.

जाळ्यात समुद्रघोडा आला तर तो ठेवून घेऊ नका. समुद्रघोडे, समुद्रकाकड्या, समुद्री कासवं, देवमासा शार्क यांना वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. त्यांच्यावर कामाला कलम १२ ची परवानगी लागते, पहिल्या अनुसूचीतल्या जातींसाठी तीही केंद्राच्या पूर्वसंमतीने, आणि आयएईसीचं पत्र तिथे चालत नाही. मालवणच्या सागरी अभयारण्यातून नमुने घ्यायचे तर वनविभागाची परवानगी निराळी. वेळास-आंजर्ल्याच्या कासवांच्या घरट्यात तापमापक ठेवायचा असला तरी आधी वनविभागाकडे अर्ज करायचा.

बैठकीला विद्यार्थिनीला घेऊन जा आणि पहिली पाच मिनिटं तिलाच बोलू द्या. समितीत एक सदस्य विज्ञानाबाहेरचा, सामाजिक भान असलेला असतो. त्याला समजेल असं एक मराठी पान आधी पाठवा: जनावराला काय करणार, किती दुखेल, कमी कसं करणार. दुरुस्त्या आल्या की मुद्द्यागणिक उत्तर द्या, बदललेली वाक्यं ठळक करा. "तोंडी मंजूर झालं" यावर विसंबून रॅट मागवू नका, क्रमांकाचं पत्र हातात येऊ द्या. त्यानंतर फॉर्म डी, म्हणजे आणलेल्या जनावरांची आणि प्रयोगांची नोंद, रोजच्या रोज भरायचा. मंजुरी ३३ ची आणि बिल ३६ चं, किंवा मंजुरी नरांची आणि आल्या माद्या, अशा विसंगती तपासणीत सर्वांत आधी सापडतात. डोस, जात, संख्या, रक्त काढण्याची पद्धत यांत काहीही बदलायचं झालं तर आधी दुरुस्ती-अर्ज, मग बदल. संख्या कमी लागली तर तेही कळवा.